भट्टी आणि बरणी

घरी वाइन करायला भिलाईत डिसेंबरसारखा महिना नाही. आंबिया बहाराची नागपुरी संत्री तोवर दुर्ग-भिलाईच्या बाजारात उतरलेली असतात, रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत खाली आलेला असतो आणि दिवसाही घरातली खोली वीस-बावीस अंशांच्या पुढे सहसा जात नाही. साखर, यीस्ट, काचेची बरणी, प्लॅस्टिकची नळी यांतली एकही वस्तू दुर्मीळ नाही. अडचण आहे ती कायद्याची. मध्य प्रांताच्या सरकारने १९१५ साली आबकारी कायदा केला, तेव्हा तो नागपूरला लागू होता तसाच दुर्गलाही होता. पुढे विदर्भ महाराष्ट्रात गेला आणि तिथे १९४९चा दारूबंदी कायदा आला. इकडे तोच १९१५चा कायदा आधी मध्य प्रदेशाचा झाला आणि २००० साली राज्य वेगळे झाल्यावर छत्तीसगडचा. त्याच्या लेखी अल्कोहोल असलेला कोणताही द्रव म्हणजे मद्य, आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे म्हणजे गुन्हा. स्वयंपाकघरातली पाच लिटर संत्र्याची वाइन आणि नाल्याकाठी पेटलेली हातभट्टी यांना हा कायदा एकाच दोरीने बांधतो. ही दोरी चुकीच्या जागी बांधली आहे, असे माझे म्हणणे आहे. सीमारेषा अल्कोहोल आहे की नाही यावर न ठरवता आंबवणे आणि ऊर्ध्वपातन यांच्यामध्ये आखायला हवी. पण ते पटवून द्यायचे तर बरणीत नेमके काय घडते ते आधी नीट पाहावे लागेल. मद्यावरच्या आपल्या बहुतेक चर्चा बरणीत डोकावण्याआधीच संपतात.

चार लिटर संत्र्याचा रस घेतला, तर त्यात फळाची स्वतःची साखर साधारण चारशे ग्रॅम असते. संत्रे आंबट असल्यामुळे त्यात एक लिटर पाणी घालतात. लिटरमागे सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते, हा या कामातला पाढा. अकरा टक्क्यांची वाइन हवी असेल तर पाच लिटरला सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते, म्हणजे वरून साडेपाचशे ग्रॅम घालणे आले. फोडींवरचे पांढरे दोरे आणि बिया काढणे अत्यावश्यक. ते राहिले तर तीन महिन्यांनी जी कडवट चव येते तिला इलाज नाही. रसात आधीच असलेले रानटी जंतू दाबायला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरते. लिंबाचे, आवळ्याचे स्क्वॅश घरी करणाऱ्या बायका हीच पांढरी पूड ‘केएमएस’ म्हणून वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. ती घातल्यावर एक दिवस थांबायचे आणि मग कोमट पाण्यात जागवलेले यीस्ट सोडायचे. पावाचे यीस्ट चालते. वाइनचे खास यीस्ट मिळाले तर गाळ घट्ट बसतो आणि चव स्वच्छ येते. पहिले पाच-सहा दिवस रुंद भांडे आणि वर धुतलेले फडके. त्यानंतर अरुंद तोंडाची बरणी, झाकणाला भोक, भोकात नळी आणि नळीचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात. बरणीतला वायू बाहेर पडावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये, एवढेच त्या पेल्याचे काम. पाच लिटर रसातून दोनशे लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. सुरुवातीला पेल्यातले बुडबुडे मोजता येत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन बुडबुड्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटे जातात आणि मग ते थांबतात. तळाला पिवळसर गाळ बसतो. तो न हलवता वरची वाइन नळीने दुसऱ्या बरणीत काढायची, महिन्याने पुन्हा एकदा. डिसेंबरात लावलेली बरणी गुढीपाडव्याच्या सुमारास पिण्याजोगी होते. तेव्हाही नवख्याची थोडी निराशा ठरलेली, कारण साखर संपल्यामुळे आंबटपणा उघडा पडलेला असतो आणि संत्र्याचा ओळखीचा गोडवा त्यात शोधून सापडत नाही.

नवशिक्याच्या बरण्या बिघडतात त्या बहुधा दोन कारणांनी, हवा आणि उष्णता. हवा आत शिरली की अॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचे अॅसेटिक आम्ल करतात. मग हाती येतो तो शिरका. तोही स्वयंपाकात वापरता येतो, तेव्हा नुकसान साखरेचे आणि वेळेचे. उष्णतेचे प्रकरण भिलाईत अधिक गंभीर आहे. नाशिक-सांगलीकडची द्राक्षे इथे स्वस्त होतात ती मार्चमध्ये, म्हणजे नेमकी पारा चढू लागताना. मे महिन्यात तो चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. पस्तीस अंशांच्या वर यीस्ट आजारी पडते, नकोसे वास सोडते आणि काम अर्ध्यावर टाकते. बुडबुडे थांबले म्हणून वाइन झाली असे समजून कोणी ती बाटलीत घट्ट बुच मारून ठेवली, तर पावसाळ्यात हवा निवल्यावर उरलेली साखर पुन्हा आंबू लागते आणि बाटली फुटते. घरच्या वाइनमधला खरा शारीरिक धोका विषाचा नसून या फुटणाऱ्या काचेचा आहे. शिवाय ती द्राक्षे खायची. गोड खरी, पण वाइनला लागणारा आंबटपणा त्यांच्यात कमी. जांभूळ येते जून-जुलैत, पहिल्या पावसानंतर. रंग देखणा देते आणि तेव्हा हवाही बरी असते. तरी पहिल्या बरणीला संत्रे, दुसऱ्या वर्षी बोर किंवा जांभूळ, हा क्रम या गावाच्या हवेला धरून आहे.

या सगळ्यात कायदा करणाऱ्याने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. यीस्ट स्वतःच्याच अल्कोहोलने मरते. रानटी यीस्ट चार-पाच टक्क्यांवर दमते, पावाचे दहा-बारावर, वाइनसाठी निवडलेली जात पंधरा-सोळावर. अगदी चिवट जात फार तर अठरा-वीसपर्यंत जाते. बरणीत कितीही साखर ओता, त्यापलीकडे मजल नाही. उरलेली साखर नुसती गोड राहते. ही मर्यादा ना आबकारी खात्याने घातलेली आहे ना पोलिसांनी. ती ओलांडायची तर आग लागते. अल्कोहोल पाण्याआधी उकळते, त्याची वाफ वेगळी धरून थंड करायची आणि थेंब थेंब गोळा करायची, म्हणजे तीस-चाळीस टक्क्यांचा द्रव मिळतो. हातभट्टी म्हणतात ती हीच. महाराष्ट्रात काळा गूळ आणि नवसागर घालून सडवलेल्या द्रवाला पोलिसांच्या भाषेत ‘रसायन’ म्हणतात, छत्तीसगडात मोहाच्या अशाच द्रवाला ‘लाहन’ म्हणतात. लाहनही आंबवलेलेच असते, पण ते पिण्यासाठी केलेले नसते, उकळण्यासाठी केलेले असते. म्हणजे एक पदार्थ स्वतःच्या स्वभावाने थांबतो आणि दुसऱ्याचा सगळा हेतूच ते थांबणे मोडण्याचा असतो.

घरच्या वाइनचे नाव काढले की पहिली भीती विषारी दारूची. ती स्वाभाविक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत साठाहून अधिक गेली. दोन्हीकडे मारेकरी होता मिथेनॉल, कारखान्यांत लागणारे, टँकरने ये-जा करणारे आणि इथेनॉलपेक्षा स्वस्त पडणारे. विकणाऱ्याने नफ्यासाठी ते मिसळले. फळ आंबतानाही थोडे मिथेनॉल तयार होते हे खरे आहे. फळाच्या गरातल्या पेक्टिनमधून ते सुटते. पण किती? आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेची तांबड्या वाइनसाठीची कमाल मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. दृष्टी जाण्याइतके मिथेनॉल म्हणजे साधारण आठ ग्रॅम धरले, तर मर्यादेला टेकलेल्या वाइनमधून ते पोटात जायला एका बैठकीत वीस लिटर वाइन प्यावी लागेल. त्यातही वाइनमधले इथेनॉल शरीरात मिथेनॉलच्या विषारी रूपांतराला अडवते. पूर्वी डॉक्टर मिथेनॉलबाधेवर उतारा म्हणून इथेनॉलच देत. पेरूसारख्या पेक्टिनने भरलेल्या फळाचा चोथा फार दिवस आत ठेवू नये, एवढी खबरदारी पुरते. थोडक्यात, मालवणीचा दाखला बरणीविरुद्ध लावणे चूक आहे. तो दाखला आहे चोरट्या विक्रीविरुद्ध. मे २०२१ मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना छत्तीसगडच्याच बिलासपूर जिल्ह्यात अल्कोहोल असलेले होमिओपॅथीचे औषध पिऊन निदान आठ जण दगावले. त्या माणसांनी काही आंबवले नव्हते. बाजारातून मिळेल ते आणून ते प्यायले होते.

छत्तीसगडचा हा कायदा आंबवण्याला पूर्णपणे आंधळा आहे असेही नाही. आदिवासींना स्वतःच्या वापरापुरते, ठरावीक मर्यादेत मद्य घरी करण्याची सवलत राज्याने ठेवली आहे. ती ठेवण्यावाचून गत्यंतरही नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली पहाटे वेचणी सुरू होते, सुकलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरच असते आणि जन्मापासून मरणापर्यंतचा एकही विधी मोहावाचून होत नाही. बस्तरमध्ये तांदळापासून आंबवलेला लांदा आहे, सल्फीच्या झाडातून उतरवून दिवसभरात आंबणारा रस आहे, उत्तरेला सरगुजा-जशपूरकडे हंडिया आहे. लांदा, सल्फी आणि हंडिया यांत ऊर्ध्वपातन कुठेच नाही, म्हणजे जातकुळी वाइनची आणि बिअरची. इंग्रजांनी मात्र याकडे महसुलाच्या नजरेनेच पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२चा मोहाचा कायदा आला, त्याने ठाणे-कुलाबा भागात फुले गोळा करून बाळगण्यावरच बंधन घातले. सरकारी मक्त्याची दारू खपावी हा त्यामागचा हिशेब लपून राहिला नव्हता. महाराष्ट्रात मोहफुलांवरची बंधने सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. सवलत संस्कृतीच्या नावाने दिली की ती एका समाजापुरती राहते, आणि गंमत अशी की मोहाच्या दारूत ऊर्ध्वपातन असूनही तिला सवलत मिळते, तर भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात कुणी संत्र्याचा रस आंबवला तर तो गुन्हेगार. आदिवासींची सवलत काढावी असे मी मुळीच म्हणत नाही. तिचा पाया अर्धाच घातला गेला आहे, एवढेच म्हणतो. वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी द्राक्षांची, मनुकांची वाइन मुरत ठेवण्याची चाल आहे. गोव्यातही आहे. तिथे कोणी तिला हातभट्टी म्हणत नाही, सगळेच काणाडोळा करतात. ज्या कायद्याची अंमलबजावणी काणाडोळ्यावर चालते, तो कायदा ज्याला कोणाची ओळख नाही त्याच्याच अंगावर कोसळतो.

दुसऱ्या देशांनी ही रेषा कुठे आखली? अमेरिकेत १९२० ते १९३३ कडक दारूबंदी होती. तेव्हाही फळांचा रस घरी वापरण्यासाठी ठेवायला कायद्याने वाट ठेवली होती, आणि लोकांनी तिचा अर्थ आपल्या सोयीने लावला. द्राक्षांचा घट्ट केलेला रस ‘व्हाइन-ग्लो’ अशा नावांनी उघड विकला जाई, आणि पुढे त्याचे काय करायचे ते घेणाऱ्याला पुरते ठाऊक असे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरी बिअर करण्यासाठीच्या परवान्याची अट काढली. अमेरिकेने १९७८ मध्ये घरच्या बिअरलाही वाइनच्या रांगेत आणले आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलनची मर्यादा घातली. विक्रीला परवानगी दिली नाही आणि घरी ऊर्ध्वपातन करणे गुन्हाच राहिले. याउलट उदाहरण सोव्हिएत संघाचे, आणि ते भिलाईकरांना परके नसावे, कारण पोलाद कारखान्यासाठीच्या १९५५च्या करारानंतर हे गाव उभे राहिले ते सोव्हिएत अभियंत्यांच्या साथीने. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोठी मोहीम काढली. दुकाने कमी झाली, मोल्दोव्हा-जॉर्जियाकडचे द्राक्षमळे उपटले गेले. थोड्याच वर्षांत बाजारातून साखर गायब झाली, कारण लोक ती ‘समागोन’मध्ये, म्हणजे तिकडच्या हातभट्टीत, ओतत होते. सरकारला साखरेचे रेशनिंग करावे लागले. वाइनचे मळे तोडले आणि भट्ट्या वाढल्या, म्हणजे मोहिमेने सौम्य पेयावर घाव घालून जहाल पेयाला वाट करून दिली. मोहिमेच्या पहिल्या वर्षांत मृत्युदर घटला होता हेही खरे आहे. हे न सांगता उदाहरण वापरणे लबाडी ठरेल. पण तो फायदा मोहिमेबरोबरच ओसरला आणि गुप्त भट्टीची सवय मात्र मागे राहिली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो परदेशातून आलेला नाही, भिलाईपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींतून आलेला आहे. भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोखंडाची माती तिथून येते. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला, मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. तिच्या पुढे बायका होत्या आणि हजारो खाणकामगारांनी दारू सोडली. दारूच्या ठेकेदारांचे शत्रुत्व संघटनेने ओढवून घेतले. १९८३ साली त्याच चळवळीने शहीद रुग्णालय काढले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली, तेव्हा गावातल्या उद्योगांशी त्यांचा लढा चालू होता. ज्या भूमीत मजुरांनी स्वतःहून पेला उपडा केला, तिथे घरोघर वाइन मुरवा म्हणणे हा त्या कष्टांचा अपमान नव्हे काय? आणि ती मोहीम फक्त ठेकेदाराविरुद्ध होती असे म्हणून सुटताही येणार नाही. ती पिण्याविरुद्धच होती. तरी तिच्यातून निघणारा धडा मला निराळा दिसतो. त्या कामगारांनी दारू सोडली ती कलमाच्या भीतीने नाही, आपल्या संघटनेच्या शब्दाने. १९१५चा कायदा तेव्हाही होताच, आणि तोच ठेकेदाराला परवाना देत होता. मजुरीच्या दिवशी संध्याकाळी हातात रोकडा असलेल्या माणसाला समोरच्या खिडकीतून दहा मिनिटांत कडक दारू मिळणे, ही संसार बुडवणारी यंत्रणा होती. डिसेंबरात लावून पाडव्याला उघडायच्या बरणीने ती यंत्रणा चालत नाही. व्यसनी माणूस तीन महिने थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल, थांबायची गरजच काय? साखरपाण्यात यीस्ट घातले की आठवड्यात चढेल असे काहीतरी तयार होते, लांदा तर त्याहून लवकर. हे मान्य करावे लागेल. आंबवणे म्हणजे आपोआप संयम, असा दावा मी करत नाही. पण मग प्रश्न तुलनेचा उरतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण छत्तीसगडात सर्वाधिक, सुमारे ३५ टक्के निघाले. देशाची सरासरी १५ टक्क्यांच्या आत होती. त्याच पाहणीनुसार देशभरात पिणाऱ्यांपैकी मोठा हिस्सा देशी दारू आणि कडक विलायती पिणाऱ्यांचा आहे, वाइनवाला अगदी थोडा. बरणीला शंभर वर्षे बंदी घातलेल्या राज्यात हे चित्र आहे. तेव्हा बंदीमुळे पिणे कमी राहिले असे इथे तरी म्हणता येत नाही. शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह लोकांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्याची दारूबंदी मिळवली आणि ती आजही टिकून आहे. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली. दोन शेजारी जिल्ह्यांत हा फरक का पडला यावर खूप वाद आहेत, पण गडचिरोलीत गावांनी स्वतः रेटा लावलेला आहे हे कोणी नाकारत नाही. एखाद्या गावाने ठरावाने बरणीही नको म्हटले तर तो त्या गावाचा अधिकार मानला पाहिजे. नियमात तशी सोय हवीच.

आरोग्याचा आक्षेप मी दोन वाक्यांत मान्य करतो. अल्कोहोल कर्करोगजनक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे, आणि अमुक इतके प्यायले तर सुरक्षित अशी पातळी नाही हे संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. वाइन हृदयाला चांगली असते वगैरे जे जाहिरातवजा बोलले जाते, त्याच्या भरवशावर कोणी बरणी लावू नये. माझा युक्तिवाद वाइन चांगली असा नाहीच. सरकार स्वतः परवानगी देऊन जे चाळीस टक्क्यांचे विकते, त्याहून सौम्य वस्तू स्वतःपुरती करणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याचे समर्थन काय, एवढाच तो आहे. छत्तीसगडात एप्रिल २०१७ पासून किरकोळ विक्री खुद्द सरकारी महामंडळ करते. २०१८च्या निवडणुकीत काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले, सत्ता मिळवली, बंदी आली नाही. उलट त्या काळात सरकारी दुकानांतूनच बनावट होलोग्राम लावलेली बेहिशेबी दारू विकली गेली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. तो न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. पण विक्रेता, नियंत्रक आणि महसूल मोजणारा एकच असला की नागरिकाच्या घरातली बरणी त्याला आरोग्यासाठी खुपते की गल्ल्यासाठी, हे विचारायला आरोप सिद्ध होण्याची वाट पाहायला नको.

महाराष्ट्राकडून या बाबतीत शिकण्यासारखे थोडे आहे, आणि तेही उलट्या बाजूने. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आणले आणि नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचे ठरवले. अण्णा हजारे उपोषणाला बसण्याच्या तयारीत होते, विरोधी पक्षाने रान उठवले आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. दोन्ही बाजू तेव्हा विक्रीबद्दलच बोलत होत्या, शेतकऱ्याचे हित एका बाजूला आणि समाजाचे हित दुसऱ्या बाजूला. स्वतःपुरते करणारा माणूस त्या वादात कुठेच नव्हता. त्याच्या मागे कंपनी नसते आणि त्याच्यावर कर बसत नाही, म्हणून त्याची आठवण कोणाला होत नाही. मेघालयाने मात्र २०२० मध्ये पारंपरिक घरगुती फळवाइनला कायद्याच्या चौकटीत घेतले. केरळात २०१९च्या नाताळाआधी आबकारी खात्याने घरची वाइनही गुन्हा आहे अशी तंबी दिली. त्यावरून गदारोळ झाला आणि २०२२ मध्ये त्याच राज्याने फळवाइनच्या लहान उत्पादकांसाठी नियम आणले. ज्याला काल तुरुंगाची भीती घातली त्याला आज परवान्याचा अर्ज मिळाला. तरीही हा परवाना उत्पादकाचाच. फी, जागा, तपासणी अशा सगळ्या अटी, म्हणजे पाच लिटरवाला पुन्हा बाहेरच.

शेवटचा आक्षेप पोलीस ठाण्यातला आहे आणि व्यवहारात तोच सर्वांत खरा. प्रत्येक भट्टीची सुरुवात आंबवण्यानेच होते. उद्या लाहनाचे पिंप सापडले की मालक म्हणेल, ही माझी वाइन आहे. हवालदाराने ओळखायचे कसे? ओळखणे दिसते तितके अवघड नाही. लाहन शेकडो लिटरांनी भरतात, कारण ते उकळल्यावर हाती फार थोडे लागते. घरासाठी वर्षाला पन्नास लिटरांची आणि एका वेळी वीस लिटरांची मर्यादा घातली तर पिंपाचा प्रश्नच मिटतो. भट्टीला हंडा, नळी आणि थंड करायचे भांडे लागते, आणि ते सापडले तर आबकारी कायद्याचे आजचेच कलम ३४ लावावे, त्यात सूट नको. विक्री एका बाटलीचीही झाली तर तोच गुन्हा. उरतो प्रश्न बाटलीतल्या द्रवाचा. तो उकळून आलेला आहे की नुसता आंबलेला, हे अल्कोहोलच्या टक्केवारीवरून कळते, कारण विसाच्या वर आकडा गेला की तिथे यीस्टचे काम संपून आगीचे सुरू झालेले असते. त्याखालचा आकडा मात्र एकट्याने निर्दोष ठरवू शकत नाही. भट्टीच्या दारूत पाणी घातले तरी तो खाली येतो. अशा वेळी प्रमाण, साधने आणि विक्रीचा पुरावा पाहावा लागेल. नमुन्यातील अल्कोहोल मोजणे हे तर आबकारी खात्याचे रोजचे काम आहे, १९१५पासूनचे.